रुबिन की गुटमन: तेल अवीवमध्ये एकच दुपार हाताशी असेल तर

आधुनिक इस्रायली चित्रकलेचा प्रारंभ जवळून पाहायचा असेल आणि तेल अवीवमध्ये एकच दुपार मोकळी असेल, तर बियालिक मार्गावरील रेऊवेन रुबिन यांचे घर पाहावे की नेव्हे त्सेदेक या जुन्या वस्तीतील नाहुम गुटमन संग्रहालय, असा प्रश्न पडतो. दोघेही जेरुसलेमच्या बेझालेल कलाशाळेत शिकले आणि १९२० च्या दशकात दोघांनीही याच भूमीची चित्रे रंगवली. तरी त्यांच्या पाहण्यात मोठे अंतर आहे, आणि निवड त्या अंतरावरूनच करावी, असे मला वाटते.

रुबिन यांचा जन्म १८९३ मध्ये रुमेनियातील गालात्स येथे झाला. १९१२ मध्ये ते बेझालेलमध्ये दाखल झाले, परंतु तिथे मन न रमल्याने पॅरिसला गेले आणि पुढे रुमेनिया, न्यूयॉर्क असा प्रवास करून १९२३ मध्ये कायमचे परतले. ही भूमी त्यांनी तिशीच्या उंबरठ्यावर, जाणूनबुजून आपली मानली. म्हणूनच ‘प्रथम फळे’ या १९२३ च्या भव्य चित्रातील फळे घेतलेली माणसे एखाद्या पूजाविधीसाठी उभी असावीत, तशी स्तब्ध आणि तेजस्वी दिसतात. पुढे गालीलच्या ऑलिव्ह वृक्षांची त्यांची चित्रे अधिक हळवी, रुपेरी होत गेली. घरातील त्यांची चित्रशाळा जतन केलेली असल्याने हा सारा प्रवास एका छताखाली उलगडतो.

गुटमन १९०५ मध्ये, सातव्या वर्षी, बेसाराबियातून (आजच्या मोल्दोव्हाच्या परिसरातून) येथे आले. १९०९ मध्ये स्थापन झालेले तेल अवीव वाळूतून वर येताना त्यांनी मुलाच्या डोळ्यांनी पाहिले, आणि ते डोळे त्यांनी आयुष्यभर जपले. शेजारच्या याफा या जुन्या बंदरशहराच्या संत्र्यांच्या बागा त्यांच्याकडे आठवणीच्या उबेने येतात. मुलांसाठी त्यांनी विपुल लिहिले व रेखाटले; १९७८ चा इस्रायल पुरस्कार त्यांना बालसाहित्यासाठीच मिळाला. मुले सोबत असतील, तर गुटमन यांच्याकडेच जावे.

दोघांनीही अरब शेतकरी व मेंढपाळ प्रेमाने, पण आदर्श रूपात रंगवले. त्या अरबांच्या वास्तव जीवनातील ताण या चित्रांत फारसा उमटत नाही, हे पाहताना ध्यानात ठेवावे.

मुले सोबत नसतील, तर माझा कौल रुबिन यांच्या घराला आहे. गुटमन यांचे मोझेक शालोम मेइर टॉवरमध्येही पाहता येते; रुबिन यांची चित्रशाळा मात्र बियालिक मार्गावरच आहे.