परड्यात एकच जागा: कोनफळ की काजू?

मुंबईला राहणारे नातेवाईक मे महिन्यात गावी आले की घरामागची मोकळी जागा बघून हमखास विचारतात, "इथे काहीतरी लावूया का?" त्यातले निम्मे काजूचं नाव घेतात. कोनफळाचं नाव सहसा कोणी घेत नाही, कारण ते दिसत नाही. त्याचा जांभळा कंद जमिनीखाली वाढतो, वरचा वेल पावसाळ्यात कुंपणावर चढतो आणि थंडीत वाळून जातो. मी दोन्ही लावलेली आहेत, दोन्हीत चुका केल्या आहेत. माझ्या मते जमीन कशी आहे यापेक्षा तुम्ही गावात कोणत्या महिन्यांत असता, यावर हा निर्णय जास्त अवलंबून आहे.

आधी जागेचा हिशेब. काजूची कलमं सात बाय सात मीटरवर लावतात. म्हणजे एका झाडाला जवळजवळ अर्धा गुंठा, दोन झाडांत गुंठा संपला. पहिली तीन वर्षं ही जागा उगाच वाया घालवल्यासारखी वाटते, दहाव्या वर्षी फांद्या एकमेकांत घुसू लागतात आणि मग सात मीटर का सांगितले होते ते कळतं. कोनफळाला हात-दीड हात लांबी-रुंदीचा खड्डा आणि चढायला काहीतरी आधार पुरतो. गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) कडेला, शेवग्याच्या बुंध्याशी, जुन्या मांडवाखाली, कुठेही. माझ्या ओळखीच्या एका काकूंकडे तर कातळावर घर, माती वीतभर. त्या सिमेंटच्या रिकाम्या गोणीत माती, शेणखत आणि पातेरा (वाळलेला पाला) भरून कोनफळ घेतात. कंद गोणीच्या आकाराचा होतो एवढंच.

कातळाचा मुद्दा काजूलाही लागू आहे. काजू हलक्या, मुरमाड जमिनीत येतो हे खरं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेलं हे झाड कोकण-गोव्याच्या डोंगरउतारांवर असं रुजलं की परकं वाटतच नाही. पण मुळांना खाली जायला फट हवी आणि पावसाचं पाणी साचता कामा नये. परड्यातल्या सखल कोपऱ्यात, जिथे न्हाणीचं पाणी जातं, तिथे काजू लावू नका. तिथे केळच बरी.

आता वेळेचा हिशेब. कोनफळ मेच्या शेवटी किंवा मृगाच्या पहिल्या पावसाला लावायचं. पाव किलोचा तुकडा, त्यावर साल असलीच पाहिजे, कापलेल्या बाजूला राख चोपडायची. खड्डा भुसभुशीत हवा, नाहीतर कंद वेडावाकडा होतो आणि सोलताना अर्धा फुकट जातो. गणपतीला गावी येता तेव्हा वेल चांगला वर गेलेला असतो. बुंध्याशी माती ओढायची, थोडं शेणखत टाकायचं. नोव्हेंबरपासून पानं पिवळी पडू लागतात, डिसेंबर-जानेवारीत वेल वाळला की खणायचं. मे, गणपती, नाताळची सुट्टी: चाकरमान्याच्या रजेचं वेळापत्रक बघून कोणी हे पीक घडवलं असावं, असं मला कधीकधी वाटतं.

काजूचं तसं नाही. फेब्रुवारी ते मे बी पडत राहते. पिकलेला बोंडू, म्हणजे बी ज्याला लटकते ते रसाळ फळ, बीसकट खाली येतो. बी पिरगळून काढायची, दोन-तीन दिवस उन्हात वाळवायची. हे काम आजचं उद्यावर ढकलता येतं, आठवड्यावर नाही. शिमग्याला दोन दिवस येऊन उरलेला हंगाम मुंबईला गेलात तर बी वानरांची, शेजारच्या पोरांची किंवा मातीची. शिवाय कलमाच्या पहिल्या दोन उन्हाळ्यांत पाणी घालणारं माणूस हवं, मोकाट गुरांपासून कुंपण हवं, सुकलेलं गवत बुंध्यापासून साफ करायला हवं. एक वणवा तीन वर्षांची मेहनत तासाभरात खातो.

कलमाबाबत माझी स्वतःची फसगत सांगतो. एका रोपवाटिकेतून वेंगुर्ला-4 म्हणून दोन कलमं आणली. एकाला पहिल्याच पावसात जोडाच्या खालून जोमदार फुटवा आला. मी खूश. तो फुटवा काढून टाकायचा असतो हे मला माहीत नव्हतं. वरचं कलम हळूहळू मेलं, खालचं रायवळ, म्हणजे बीपासून आलेलं मूळ रोप, वाढलं. चौथ्या वर्षी फळ धरलं तेव्हा वेंगुर्ला-4 चा तांबडा बोंडू अपेक्षित होता, आला पिवळा, आणि बी इतकी बारकी की फोडायची लाज वाटावी. म्हणून कलम घेताना जोड कुठे आहे ते बोटाने चाचपून बघा आणि त्याखालचं प्रत्येक पान खुडत राहा. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राच्या जातींत वेंगुर्ला-7 ची बी चांगली भरदार, साधारण दहा ग्रॅमची. घरच्यासाठी मी तीच सुचवेन. पहिली दोन वर्षं मोहर आला तर तोडायचा. जीवावर येतं, पण तोडायचा.

उत्पन्न? नीट निगा असलेलं मोठं कलम दहा-पंधरा किलो बी देतं. त्यातून गर निघतो तीस टक्क्यांच्या आसपास. तो घरी काढणं मात्र वेगळंच प्रकरण आहे. टरफलातलं तेल कातडी जाळतं. भाजताना उडालं तर डाग महिनाभर राहतो. बहुतेक लोक वाळलेली बी व्यापाऱ्याला देतात आणि दिवाळीला काजूगर दुकानातून विकत आणतात. परड्यातल्या काजूचं खरं सुख मार्चमधल्या ओल्या काजूत आहे. हाताला खोबरेल चोळायचं, हिरवी बी विळीवर उभी चिरायची, गर सुईने अलगद काढायचा. तरी बोटांची सालं जातातच. पण त्या उसळीत ओलं खोबरं पडलं की कोणी बोटांकडे बघत नाही. बोंडूचं म्हणाल तर गोव्यात त्याची फेणी होते, तिला 2009 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. आपल्याकडे तो झाडाखाली कुजतो.

कोनफळ एका वेलाला दोन-तीन किलो सहज देतं. पहारीने लांबून माती सैल करत यायचं. घाई केली की कंद मधोमध तुटतो आणि आतला जांभळा रंग मातीत चमकतो. दिसायला सुंदर, पण तुटलेला टिकत नाही, त्याच आठवड्यात संपवावा लागतो. अखंड असेल तर महिनोन्‌महिने राहतो. सोलताना हात खाजतात, त्याला तेल किंवा आमसूल. उपवासाचे काप, भजी, पालघर-वसईकडे उकडहंडी. रानडुक्कर आणि साळिंदर येत असतील तर मात्र घराला लागूनच लावा, त्यांना हा कंद तुमच्याआधी सापडतो. आणि रानातून सारखा दिसणारा वेल आणून लावू नका. काही रानकंद नीट उकळून पाणी फेकल्याशिवाय खाण्यालायक नसतात.

फवारणीचाही विचार करा. ढगाळ हवेत काजूच्या कोवळ्या पालवीवर ढेकण्या (रस शोषणारा किडा) बसतो, मोहर करपतो, आणि बागायतदार हंगामात दोन-तीन फवारण्या करतात. विहीर आणि स्वयंपाकघर दहा पावलांवर असताना मला ते जमत नाही, मी कमी बी पत्करतो.

गावात कायम राहणारं माणूस असेल तर काजू लावाच. पुढची काही दशकं ते झाड देत राहील. नसेल तर कोनफळ. तीन-चार गुंठे असतील तर दोन्ही: कलमांच्या मधली जागा पहिली तीन-चार वर्षं उघडीच असते, तिथे वेल घ्या. फक्त वेल काजूवर चढवू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरात काजूला नवी पालवी फुटते, नेमकं तेव्हाच हा वेल अंगावर पसरलेला असतो, आणि झाकलेल्या फांदीला मोहर येत नाही. वेलासाठी गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडियाची) मेढ रोवा.

कोनफळाचं बियाणं मेमध्ये शोधायला गेलात तर मिळत नाही, तेव्हा बाजारात कंद नसतो. जानेवारीत एक चांगला, न तुटलेला कंद घ्या आणि माळ्यावर पातेऱ्यात ठेवून द्या. उन्हाळ्यात त्याला आपोआप कोंब येतो; वेलाच्या बाजूचं टोक आधी फुटतं, तोच तुकडा पहिला लावा.