पानाफुलांसाठी काढलेला संच, एकटेपणासाठी वापरलेला: सायनोटाइपच्या कागदांचे परीक्षण

गेले वर्षभर मी एकटेपणा या विषयावर सावल्यांची छायाचित्रे काढते आहे आणि कॅमेऱ्याने काढलेल्या माझ्या जवळजवळ सगळ्या चित्रांत एकच खोट राहत होती. लांब सावली, मोकळी भिंत, कडेला एक पाठमोरा माणूस असे सगळे जुळून येई. पाहणाऱ्याला विषय लगेच कळे, पण आत काहीच हलत नसे. भिंग आणि पडदा दोन्ही बाजूला ठेवून सावलीच थेट कागदावर पाडून पाहावी, या विचाराने मी सायनोटाइपचा तयार संच मागवला. असे संच अनेक उत्पादक काढतात आणि पुढे लिहिलेले बरेचसे त्या सगळ्यांनाच लागू पडेल, म्हणून नाव घेत नाही.

खोक्यात रसायन लावलेले बारा कागद काळ्या पिशवीत येतात. सोबत एक पुठ्ठा, एक पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा तुकडा, चार चिमटे आणि आठ पानांची पुस्तिका असते. पद्धत जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधलेली आणि आजही तीच आहे. फेरिक अमोनियम सायट्रेट व पोटॅशियम फेरिसायनाइड यांचे मिश्रण लावलेल्या कागदावर अतिनील किरण पडले की प्रशियन ब्लू हा न विरघळणारा निळा रंग तयार होतो, आणि सावलीत राहिलेले मिश्रण साध्या पाण्याने धुऊन निघते. त्यामुळे ऊन निळे दिसते आणि सावली पांढरी. सावली म्हणजे काळोख ही डोळ्यांची सवय इथे पहिल्याच कागदावर मोडते. वस्तू जिथे होती तिथे कागद कोरा राहतो, आणि माझ्या विषयाला याहून सरळ भाषा मला कॅमेऱ्यात सापडली नव्हती.

पुस्तिका मात्र या शक्यतेकडे बघतही नाही. अ‍ॅना अ‍ॅटकिन्स यांनी १८४३ पासून शैवालाचे ठसे याच पद्धतीने काढले आणि पुस्तिका लिहिणाऱ्याचे मन अजून तिथेच रमलेले दिसते. पान सपाट ठेवा, वरून अ‍ॅक्रिलिक घट्ट दाबा, फट राहू देऊ नका, हे तिने तीनदा बजावले आहे. शैवालाची नोंद करायची तर हे बरोबरच आहे. पण कागदाला चिकटलेली वस्तू कधी एकटी वाटत नाही. मी फट ठेवायला सुरुवात केली आणि संच खऱ्या अर्थाने कामाला आला.

सूर्यबिंब आपल्याला सुमारे अर्ध्या अंशाचे दिसते, त्यामुळे वस्तू कागदापासून जितकी वर जाईल तितकी तिच्या सावलीची कड विरघळत जाते; दहा सेंटिमीटरवर ही विरलेली कड साधारण एक मिलिमीटरची असते. यात एक भर पडते, जी पुस्तिकेत नाही आणि जिच्यापायी माझे दोन कागद गेले. एक्स्पोजर काही मिनिटांचे असते आणि तेवढ्यात सूर्य थांबत नाही. मी संचातलाच एक चिमटा कागदावर ठेवला आणि दुसरा तारेने चाळीस सेंटिमीटर उंच टांगला. आठ मिनिटांत सूर्य सुमारे दोन अंश सरकला, म्हणजे वरच्या चिमट्याची सावली जवळपास दीड सेंटिमीटर हलली, आणि चिमट्याची रुंदीच तेवढी नव्हती. धुतल्यावर खालचा चिमटा स्प्रिंगच्या वेढ्यांसकट उमटला होता आणि त्याच्या शेजारी कुणीतरी येऊन गेल्यासारखा एक फिकट पट्टा होता. तांत्रिक दृष्टीने तो कागद वाया गेला होता, तरी बाराही कागदांत मी जपून ठेवलेला पहिला तोच. ओळखू येणारी पण विरलेली सावली हवी असेल, तर दहा सेंटिमीटरच्या वर जाऊ नये.

फट ठेवली की दुसरी अडचण येते. अतिनील किरण फक्त सूर्याच्या दिशेने येत नाहीत; निळे आकाशही ते चहूबाजूंनी खाली सोडत असते, आणि उचललेल्या वस्तूच्या सावलीत ते बाजूने शिरतात. परिणामी पांढरे राहायला हवे तिथे मळकट आकाशी रंग चढतो. यावर उपाय संचातच निघाला. रिकाम्या खोक्याला आतून काळा कागद लावला आणि सायनोटाइपचा कागद त्याच्या तळाशी ठेवून खोके सूर्याकडे रोखले. कडेचे आकाश कापले गेले आणि सावल्या उजळल्या. इतक्या सुबक छापलेल्या पुस्तिकेपेक्षा तिचे खोकेच अधिक उपयोगी पडावे, हे थोडे गमतीचे आहे.

लांब सावल्यांचा मोह एकटेपणावर काम करणाऱ्या प्रत्येकाला होतो आणि त्या उतरत्या उन्हात मिळतात. पण सूर्य खाली गेला की किरणांना हवेतून फार लांबून यावे लागते, अतिनील भाग वाटेतच विखुरतो, आणि तासभर थांबूनही कागद नीट निळा होत नाही. त्याऐवजी भर दुपारी कागदच तिरका धरावा. ऊन कागदावर वीस अंशांनी घासून जाईल असे केले, तर कागदावर उभ्या केलेल्या वस्तूची सावली तिच्या उंचीच्या पावणेतीन पट होते. वेळ तिप्पट लागतो, पण ठसा मिळतो.

सगळ्यात अनपेक्षित ठसा माझ्याच जुन्या चष्म्याचा निघाला. काड्या उघडून तो तसाच ठेवला होता. मला काचांच्या जागी निळा रंग आणि भोवती फ्रेमची बारीक पांढरी रेषा अपेक्षित होती. आली ती दोन कोरी पांढरी वर्तुळे. प्लास्टिकच्या काचा डोळ्यांना आरपार दिसतात, पण अतिनील किरण बव्हंशी अडवतात, म्हणजे कागदाच्या दृष्टीने तिथे भिंतच होती. जगाकडे बघायचे साधन असे दोन बुजलेल्या खिडक्यांसारखे उमटलेले पाहून मी त्या दिवशी पुढचा कागद काढलाच नाही.

त्याच चष्म्यामुळे संचातल्या अ‍ॅक्रिलिकबद्दल शंका आली. अर्धा कागद त्याखाली आणि अर्धा उघडा ठेवून पाहिला, तेव्हा झाकलेली बाजू ठळकपणे फिकी राहिली. पातळ, दाबून बसवायच्या वस्तूंसाठी साधी खिडकीची काच याहून बरी. कागदांची प्रतही सारखी नाही: बारांपैकी दोन कडेने आधीच निळसर झालेले होते, बहुधा पिशवीचे तोंड नीट बंद नसावे. धुताना कागद फाटत नाही, ही जमेची बाजू. पूर्ण निळाई यायला दिवसभर हवा लागते. घाई असेल तर पाण्यात थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड घातले की रंग लगेच चढतो. खरी उणीव आकाराची आहे. तळहात मावतो, चेहऱ्याची सावली मावत नाही, आणि बसलेल्या माणसाचा तर प्रश्नच नाही. पुन्हा घ्यायचे झाल्यास मी दोन्ही रसायने सुटी घेऊन मोठ्या कागदावर स्वतः लावीन. पण हात बसेपर्यंत हा संच पुरेसा आहे, फक्त त्याची पुस्तिका बाजूला ठेवावी.

एक सूचना तिच्यात असायलाच हवी होती. चिमट्याचा ठसा मी खिडकीशेजारी लावला होता आणि काही आठवड्यांत तो पट्टा आणि भोवतीचा निळा रंग यांत फरकच उरला नाही. प्रशियन ब्लू तीव्र उजेडात फिका पडतो, पण अंधारात हवा लागली की पुष्कळसा परत येतो. ठसा टेबलाच्या खणात सरकवून ठेवला आणि काही दिवसांनी उघडला, तेव्हा खालचा चिमटा पुन्हा पांढरा ठसठशीत दिसत होता, आणि शेजारचा पट्टाही.