हिमालयन 450 चा क्रॅश गार्ड: पावसाळा, कापसाचा सीझन आणि मे महिना काढल्यानंतर

क्रॅश गार्ड, म्हणजे गाडी पडली तर इंजिन वाचवणारा पाईपचा सांगाडा, बसवून बरेच महिने झालेत, मधे आख्खा पावसाळा गेला, कापसाच्या गाड्यांचा सीझन गेला आणि आपल्या खानदेशातला 44-45 डिग्रीचा मे पण गेला, त्यामुळे आता मनापासून लिहितोय. नवीन गाडी घेतलेल्या पोरांचा पहिला प्रश्न एकच असतो, पाईप किती एमएमचा आहे. माझं मत आता पक्कं झालंय की पाईपची जाडी सगळ्यात शेवटी बघा. आधी बघा की तो गार्ड गाडीला कुठे कुठे धरतोय आणि कोणत्या बोल्टवर धरतोय. बाकी सगळं त्यानंतर.

गाडी रॉयल एनफिल्ड हिमालयन 450. 452 सीसी, लिक्विड कूल्ड, पेट्रोलसकट 196 किलो, टाकी 17 लिटरची. माझं फिरणं धुळ्याहून शिरपूर, शहादा, तोरणमाळ, तिकडे चोपडा, यावल, फैजपूर, आणि खाली चाळीसगावहून कन्नड घाट. हायवेला 100 च्या स्पीडला पडलो तर गार्ड काय वाचवेल असं बरेच जण म्हणतात, बरोबर आहे त्यांचं, पण आपल्या भागात गाडी पडते ती अशी नाही पडत. ती पडते जागच्या जागी. साईडपट्टी आणि डांबर यात वीतभर उंचीचा फरक, खाली काळी माती, जून-जुलैत त्या मातीवर पाऊस पडला की चाक धरत नाही आणि उभं राहायला पाय टेकवावा तर बूट पण सरकतो. 196 किलोची गाडी एकदा ठराविक कोनाच्या पुढे कलली की ती कोणाच्या बापाला सावरत नाही. गार्ड आहे तो ह्या पडण्यासाठी.

आणि तसंच झालं. चोपडा-यावल रोडला समोरून केळीचा ट्रक ओव्हरटेक करत अर्धा आपल्या लेनमधे आला, मला खाली उतरण्याशिवाय पर्याय नव्हता, स्पीड फार नव्हता, उतरलो पण, आणि उभं राहता राहता गाडी डाव्या बाजूला चिखलात आडवी. शेतातून दोघं धावत आले, "लागलं का रे भो कुठी?" करत, तिघांनी मिळून उचलली. मी मग तिथेच बसून नीट बघितलं. क्लच लिव्हर सरळ. टाकीला ओरखडा नाही. रेडिएटरच्या जाळीला काही नाही. इंजिनच्या डाव्या कव्हरला माती सुद्धा लागलेली नव्हती, म्हणजे ते जमिनीपर्यंत पोचलंच नाही. गार्डच्या खालच्या वळणावर चार बोटं लांबीचा पावडर कोट घासून आतलं लोखंड चकाकत होतं. बस. घरी येऊन दोन्ही बाजू दोरीने मोजल्या तेव्हा डावी बाजू बोटभर आत गेलेली दिसली.

इथेच खरी गोष्ट आहे. ती बोटभर आत गेली हे चांगलं झालं. गार्डचं काम वाकणं हे पण आहे. पाईप जेव्हा वाकतो तेव्हा धक्क्यातली ताकद त्या वाकण्यात खर्च होते. पाईप अगदी अजिबात न वाकणारा घेतला आणि तो एकाच बोल्टवर टांगलेला असला तर सगळा धक्का सरळ त्या बोल्टवर आणि तिथून इंजिनच्या माऊंटिंगवर, म्हणजे इंजिन फ्रेमला जिथे बोल्टने धरलंय तिथे, जातो. हिमालयन 450 मधे इंजिन स्वतःच फ्रेमचा भाग म्हणून लोड घेतं, मग तिथला कान (बोल्ट जातो तो भाग) मोडला तर तुम्ही काय वाचवलं? वाकलेला गार्ड हजार पाचशेत सरळ होतो, इंजिन केसचा कान गेला तर खर्च विचारू नका. म्हणून प्रत्येक बाजूला निदान तीन ठिकाणी धरणारा गार्ड बघा, आणि डावा उजवा भाग पुढून आडव्या पाईपने एकमेकाला जोडलेला असेल असा बघा. तो आडवा पाईप असला की एका बाजूचा धक्का दोन्हीकडे वाटला जातो. दुकानात हातात घेऊन बघताना वेल्डिंगकडे पण बघा, जिथे बोल्टची पट्टी पाईपला जोडली आहे ती जागा सगळ्यात आधी तडकते.

फिटिंगबद्दल जास्त लिहितो कारण अर्धे लोक गार्ड चांगला घेतात आणि फिटिंग रस्त्यावर अर्ध्या तासात उरकून टाकतात. बऱ्याच गार्डमधे इंजिन माऊंटचा मूळ बोल्ट काढून त्याजागी किटमधला लांब बोल्ट टाकायचा असतो. आमचा धुळ्याचा मेकॅनिक जुना माणूस आहे, त्याने सुरुवातीलाच सांगून टाकलं, "एक काढ, एक टाक भो, दोन्ही संगे काढशी त इंजिन लटकी जाई." त्याने इंजिनखाली लाकडाचा ठोकळा ठेवून जॅक लावला, फक्त वजन पेलण्यापुरता, वर ढकलायला नाही. मग एक बोल्ट बाहेर, लांब बोल्ट आत, हाताने फिरवून, त्याच्यानंतरच दुसरा. बोल्ट हाताने आत जात नसेल तर कुठेतरी लाईन बसलेली नाही, तिथे हातोडी मारायची नाही, जॅक थोडा वरखाली करून बघायचं. सगळे बोल्ट ढिले ठेवून पूर्ण गार्ड जागेवर बसवायचा, दोन्ही बाजू सारख्या आल्यात का बघायचं, आणि मगच एकेक टाईट. टॉर्क रेंचने (किती जोराने कसलं ते दाखवणारा पाना), सर्व्हिस मॅन्युअलमधे त्या बोल्टला जेवढा टॉर्क दिलाय तेवढाच. गॅरेजमधे ती हवेची गन घेऊन कोणी आला तर त्याला हात जोडून लांब ठेवा. थ्रेडला निळं थ्रेडलॉकर (बोल्ट आपोआप ढिला होऊ नये म्हणून लावायचा गोंद), लाल नाही, लाल लावलं तर परत उघडताना गरम करावं लागतं. आणि बोल्ट हाय टेन्साईल पाहिजे, डोक्यावर 8.8 किंवा 10.9 कोरलेलं असतं, ते नसेल तर तो बोल्ट इंजिन माऊंटला वापरायचाच नाही.

माझ्या किटमधे एक गडबड निघाली. डाव्या बाजूचा एक स्पेसर (मधलं अंतर भरायची नळी) आखूड होता, दीड-दोन मिमीच, पण बोल्ट कसला की गार्डची पट्टी आत ओढली जाऊन वाकत होती. म्हणजे गाडी पडायच्या आधीच गार्ड ताणाखाली. ज्यांच्याकडून घेतला त्यांना फोन केला तर उत्तर "कस के टाईट करो, बैठ जायेगा." नाही बसवला. अवधान एमआयडीसीत एक लेथवाले काका आहेत, त्यांच्याकडे जुना स्पेसर आणि मोजलेलं अंतर घेऊन गेलो. त्यांनी व्हर्निअर लावलं, परत लावलं, मला विचारलं पावडर कोटची जाडी धरली का, आणि लोखंडी राऊंड बारमधून समोर उभं राहून नवीन स्पेसर काढून दिला, कडेची धार पण मारून दिली. तो आज पण तसाच बसलेला आहे, काडीचा हलला नाही. अशी माणसं आपल्याकडे प्रत्येक तालुक्याला आहेत, किटमधलं काही बसत नसेल तर जबरदस्ती करू नका, त्यांच्याकडे जा.

टाईट करून झाल्यावर प्रत्येक नट आणि पट्टीवर मिळून पेंट मार्करने एक रेघ मारून ठेवली. नट सरकला की रेघ तुटलेली दिसते, पाना लावायची गरज नाही, पेट्रोल भरताना खाली वाकून बघितलं तरी कळतं. 500 किमी झाल्यावर सगळे परत एकदा चेक केले, दोन बोल्ट थोडे ढिले झाले होते. तोरणमाळच्या सात पायरी घाटातून येताना त्या वळणांत आणि खड्ड्यांत गाडी चांगलीच हादरते, तिथून आलो की रेघा बघायच्या हा नेमच झालाय. त्या चिखलातल्या पडण्यानंतर खालच्या एका नटाची रेघ तुटलेली सापडली. घासलेला भाग सोडला तर बाहेरून गार्ड ठणठणीत दिसत होता. ज्यांनी रेघ मारलेली नसते त्यांना हे कळत नाही आणि मग पुढच्या महिन्यात खडखड आवाज येतो म्हणून गाडी फिरवत बसतात.

बसवल्यावर दोन गोष्टी जागेवरच तपासा. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून कुठे काही अडतं का. आणि दोघं जण मिळून पुढचं सस्पेन्शन जोरात दाबून मडगार्ड आणि गार्डचा आडवा पाईप यात जागा किती उरते. ह्या गाडीचं पुढचं सस्पेन्शन 200 मिमी खेळतं आणि चाक 21 इंची आहे, स्टँडवर उभ्या गाडीला दिसणारी जागा खड्ड्यात तेवढी राहत नाही.

आता उन्हाळा. भीती होती की गार्डमुळे रेडिएटरची हवा अडेल, तसं काही झालं नाही, पाईप बारीक असतात, हवा जाते. एप्रिल-मे मधे भुसावळच्या ट्रॅफिकला फॅन सतत चालू राहतो पण तो गार्ड नसताना पण राहायचा. हवा अडते ती लोक गार्डला ज्या बॅगा, पाण्याच्या कॅन अडकवतात त्याने, कारण त्या बरोबर रेडिएटरच्या तोंडाशी येतात. मी दोन्ही बाजूला छोट्या बॅगा लावून बघितल्या, टेम्परेचर नेहमीपेक्षा वर राहायला लागलं, काढून टाकल्या. पावसाळ्यात दुसरा त्रास, गार्ड आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत काळी माती जाऊन बसते आणि वाळली की सिमेंट होते. प्रेशरने मारू नका, जाळीच्या बारीक पात्या दुमडतात, साध्या नळीने भिजवून थोड्या वेळाने धुवा.

एसएस (स्टेनलेस स्टील) का एमएस (माईल्ड स्टील, म्हणजे साधं लोखंड) हा वाद पण खूप चालतो. कोकणात राहत असतो तर मी डोळे झाकून स्टेनलेस घेतला असता. आपल्याकडे वर्षातले आठ महिने हवा कोरडी, गंज तसा हळू चढतो, आणि एमएस पाईप वाकला तर कुठल्याही गावचा वेल्डिंगवाला तो गरम करून सरळ करून देतो. माझा घासलेला भाग सँडपेपर मारून, प्रायमर आणि काळा रंग लावून ठेवलाय, अजून गंज नाही. वेल्डिंगचं काही काम निघालं तर मात्र गार्ड गाडीवरून काढूनच द्या. गाडीवर ठेवून वेल्डिंग केलं तर ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) आणि वायरिंगला धोका असतो. आणि फ्रेमला काही वेल्ड करून घ्यायचं तर विचारच नको, तिथलं लोखंड तापून कमजोर पडतं.

वजन आमच्या कांद्याच्या काट्यावर केलं होतं, बोल्टसकट सहा किलोच्या जवळपास. चालवताना ते जाणवत नाही, गाडी हाताने ढकलताना किंचित जाणवतं. व्हायब्रेशन सुरुवातीला एका ठराविक आरपीएमला यायचं, शोधलं तर पाईप प्लास्टिकच्या पॅनलला जेमतेम टेकत होता, तिथे रबराची पट्टी लावली, बंद झालं. रुंदी हँडलपेक्षा कमी आहे, त्यामुळे जिथून हँडल निघतं तिथून गार्ड पण निघतो, बाजाराच्या दिवशी गर्दीत पण अडचण आली नाही. ऑइल बदलायला गार्ड काढावा लागत नाही, घ्यायच्या आधी हे नक्की विचारा कारण काही गार्डमधे काढावा लागतो आणि मग प्रत्येक सर्व्हिसला ते इंजिन माऊंटचे बोल्ट उघडायचे म्हणजे डोक्याला ताप.

एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे, गार्ड घेताना दुकानदार "पाय वाचेल" म्हणून विकतात, घरचे पण त्याच भरवशावर पैसे देतात. अमेरिकेत 1981 मधे हर्ट रिपोर्ट म्हणून मोटरसायकल अपघातांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, लॉस एंजेलिस भागातल्या 900 च्या आसपास अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली होती. त्यात निघालं की क्रॅश बारमुळे घोटा आणि पाऊल यांची इजा कमी होते खरी, पण मांडी, गुडघा आणि नडगीची इजा तेवढीच वाढते, म्हणजे एकूण फायदा काही नाही. अभ्यास जुना आहे, गाड्या बदलल्या, पण पाय आपला तोच आहे. माझ्या पडण्यात पाय वाचला तो घोट्याच्या वरपर्यंतच्या बुटामुळे आणि स्पीड नसल्यामुळे. बजेट एकाच गोष्टीचं असेल तर आधी बूट आणि नी गार्ड घ्या, क्रॅश गार्ड पुढच्या पगाराला. गार्ड गाडी वाचवतो, आणि ते काम तो चोख करतो.

खालच्या बाजूने दगड लागायची भीती असेल, पाल किंवा तोरणमाळकडच्या कच्च्या रस्त्यांना जात असाल, तर त्याला गार्ड उपयोगाचा नाही, बॅश प्लेट (इंजिनखाली लावायचा जाड पत्रा) वेगळी लागते. दोन्ही घेणार असाल तर एकमेकांना अडत नाहीत ना हे आधी विचारून घ्या, कारण बऱ्याचदा दोन्ही त्याच बोल्टवर बसतात.

जादा लाईट लावायला गार्डचा पाईप सोयीचा वाटतो, पण गाडी पडली की पहिला मार त्या लाईटलाच. मी आतल्या बाजूला, पाईपच्या आडोशाला लावलेत, रिले आणि फ्यूज टाकून, त्यामुळे त्या दिवशी पण वाचले. समोरच्याच्या डोळ्यात जाणार नाहीत असे खाली वाकवून ठेवा, कापसाच्या सीझनला रात्री बैलगाड्या आणि ट्रॉल्या विनालाईटच्या असतात तेव्हा ते फार कामाला येतात.

पोलिसांचं विचारतात म्हणून लिहितो. डिसेंबर 2017 मधे केंद्राने राज्यांना बुल बारवर (गाडीच्या तोंडाला लावतात तो लोखंडी गार्ड) कारवाई करायला सांगितलं होतं, चर्चा तेव्हा चारचाकीचीच होती, आणि गाडीत केलेल्या बदलांसाठी मोटर वाहन कायद्याचं कलम 52 लावतात. मला आजपर्यंत कोणी अडवलेलं नाही. तरी गार्ड टोकदार नको, नंबर प्लेट आणि इंडिकेटर झाकणारा नको, आणि बिल गाडीच्या कागदांसोबत ठेवा. इन्शुरन्स रिन्यू करताना अ‍ॅक्सेसरी म्हणून पॉलिसीत लिहून घ्या, लिहिलेलं नसेल तर क्लेममधे गार्डचे पैसे धरत नाहीत. मी ह्या वेळी ते करून घेतलं, प्रीमियममधे पडलेला फरक अगदीच किरकोळ होता.