चुनखडीच्या गावात चुना: सँतेमिल्योंच्या वाइन टूरमध्ये पैसे कुठे जातात

फ्रान्समधल्या बोर्दो शहराच्या पूर्वेला साधारण 40 किलोमीटरवर, चुनखडीच्या टेकडीवर सँतेमिल्यों वसलंय. 1999 पासून हे गाव आणि भोवतालचे द्राक्षमळे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. पॅरिस पाहून झालं की पुण्या-मुंबईची मंडळीही आता इकडे वळतात. इथे पैसे जातात ते रीतसर पावती देऊन, आणि बहुतेक वेळा कायद्यात बसवून. म्हणून ते परत मिळवणं फार अवघड असतं.

नेहमीचा प्रकार असा. फोनवर जाहिरात दिसते: दिवसभराची टूर, ‘तीन ग्राँ क्रू शातो’ (शातो म्हणजे मळ्यांसकट वायनरी), जमिनीखालचं चर्च, दहा वाइन्सची चव. पैसे आगाऊ. प्रत्यक्षात पहिला शातो खरा निघतो. दुसऱ्याच्या फाटकाशी फोटो काढून गाडी पुढे जाते. तिसरा शातो म्हणजे गावातल्या दुकानाची मागची खोली. चर्च बाहेरून दाखवतात. शेवटचा तासभर मात्र घाई अजिबात नसते, कारण त्या तासात सहा बाटल्यांची पेटी गळ्यात मारायची असते.

सगळा डाव उभा असतो तो ‘ग्राँ क्रू’ या शिक्क्यावर. फ्रान्सच्याच बर्गंडी प्रांतात ग्राँ क्रू म्हणजे मोजके, सर्वांत वरच्या दर्जाचे मळे. सँतेमिल्योंत तसं नाही. इथे ‘सँतेमिल्यों’ आणि ‘सँतेमिल्यों ग्राँ क्रू’ ही दोन्ही नावं एकाच भूभागाला लागू होतात. दुसऱ्यासाठी हेक्टरी उत्पन्नाची मर्यादा कमी आणि मुरवण्याचा काळ जास्त, एवढाच नियमांतला मुख्य फरक. असं लेबल लावणारे उत्पादक शेकड्यांनी आहेत. त्यांत उत्तम वाइन आहे, तशी सुमारही आहे.

खरी श्रेणी वेगळी. तिला ‘ग्राँ क्रू क्लासे’ म्हणतात आणि तो ‘क्लासे’ लेबलवर छापलेला असावा लागतो. ही यादी 1955 मध्ये सुरू झाली आणि ठरावीक काळाने नव्याने लावली जाते. 2022 च्या यादीत 85 शातो आहेत: 71 ग्राँ क्रू क्लासे आणि त्यांच्या वरच्या पायरीचे 14 प्रमिए ग्राँ क्रू क्लासे. त्या चौदांतले ‘अ’ दर्जाचे फक्त दोन, पाव्ही आणि फिजाक. शव्हाल ब्लाँ, ओझोन आणि आँजेलूस या बड्या नावांनी त्या फेरीतून स्वतःहून अंग काढून घेतलं, तेव्हा त्यांच्या नव्या बाटल्यांवर ‘क्लासे’ नसेल तर दचकू नका. बाकी कुणी ‘क्लासे’ न दाखवता क्लासेची किंमत सांगत असेल तर खुशाल दचका.

विक्रेत्याच्या तोंडी ‘1855 ची यादी’ आली की उठावं. ती बोर्दोची जुनी श्रेणीयादी, पण त्याच परिसरातल्या दुसऱ्या भागांची: मेदोकच्या लाल वाइन्सची (आणि ग्राव्हमधल्या एका शातोची), शिवाय सोतेर्न-बार्साकच्या गोड वाइन्सची. सँतेमिल्योंचा एकही शातो तिच्यात नाही, कधीच नव्हता.

लेबल वाचताना आणखी काही गोष्टी बघा. ‘ल्यूसाक-सँतेमिल्यों’, ‘माँतान्य-सँतेमिल्यों’, ‘प्विसगँ-सँतेमिल्यों’ ही शेजारची वेगळी क्षेत्रं. वाइन्स प्रामाणिक आणि बऱ्याच स्वस्त; पण चाखायला ही देऊन भाव मुख्य गावाचा लावतात. फिजाक हे नाव तर अनेक शातोंच्या नावात आहे, कारण जुनी मोठी जहागीर तुकड्यातुकड्याने विकली गेली. ते शातो आपापल्या जागी ठीक असतील. गाइड सगळ्यांना सरसकट ‘फिजाक’ म्हणतो तिथे घोळ आहे. ‘मी-झाँ-बुतेय ओ शातो’, म्हणजे शातोतच बाटलीबंद, ही ओळ शोधा. बुचावरच्या टोपणावर कराचा शिक्का असेल तर त्यातलं अक्षर बघा: ‘आर’ म्हणजे स्वतः पिकवणारा, ‘एन’ म्हणजे व्यापारी. 2019 पासून हा शिक्का सक्तीचा नाही, त्यामुळे तो नसला म्हणून संशय घेऊ नये.

आणि साल. ‘जुनी, मुरलेली’ म्हणून 2013 ची बाटली पुढे सरकवली जाते. त्या वर्षी वसंतात थंडी आणि पाऊस होता, इथल्या मर्लो द्राक्षाचा फुलोरा गळला, शरदात कुज आली. बोर्दोसाठी ते वाईट वर्ष. 2015, 2016, 2018, 2019 ही भरवशाची वर्षं सोडून कुणी 2013 चं एवढं कौतुक करत असेल तर माल खपवायचा आहे, बाकी काही नाही. पैसे देण्याआधी तिथेच उभं राहून वाइन-सर्चर या भाव दाखवणाऱ्या संकेतस्थळावर शातो आणि साल टाका. दुकानाचा भाव थोडा चढा असणारच. दुप्पट असेल तर बाटली खाली ठेवा.

दगडात कोरलेल्या चर्चबद्दल एवढंच: आत फक्त गावच्या पर्यटन कार्यालयाच्या गाइडबरोबर जाता येतं, आणि वेळेचं तिकीट लागतं. टूरवाल्याकडे ते तिकीट नसेल तर चर्च पाहणं म्हणजे चौकातून घंटाघर पाहणं. तिकीट थेट कार्यालयातून काढा. शातोच्या भेटीही तिथे ठरवून मिळतात. नाशिकला वायनरीत आयत्या वेळी गेलं तरी चालून जातं. इथले बरेचसे घरगुती शातो वेळ घेतल्याशिवाय दार उघडत नाहीत, आणि दलालांचं फावतं ते याच्यामुळेच. बोर्दोच्या सँ-जाँ स्टेशनवरून लोकलसारखी टीईआर गाडी अर्ध्या-पाऊण तासात पोचवते. स्टेशन गावापासून वीसेक मिनिटं चालत, रस्ता द्राक्षमळ्यांतून. गाड्या कमी असतात, परतीची वेळ आधी बघून ठेवा. स्वतः गाडी चालवणार असाल तर रक्तात लिटरला 0.5 ग्रॅम अल्कोहोल ही मर्यादा आहे. चाखून थुंकायचं भांडं मागायला लाजू नका.

टूर घ्यायचीच असेल तर लेखी विचारा: कोणते शातो, नावानिशी, प्रत्येक ठिकाणी आत किती वेळ, कोणत्या वाइन्स, कोणत्या सालच्या. उत्तर ‘त्या दिवशी ठरेल’ असं आलं तर तिथेच थांबा. आगाऊ रकमेला पावतीवर काय म्हटलंय तेही बघा. ‘आर्र’ असेल तर ती रक्कम सोडून तुम्हाला माघार घेता येते, आणि विक्रेत्याने रद्द केलं तर त्याला दुप्पट परत द्यावी लागते. ‘आकाँत’ असेल तर सौदा पक्का, पूर्ण पैसे मागता येतात.

‘भारतात घरपोच पाठवतो’ या आश्वासनात सर्वाधिक पैसे बुडतात. कुरिअर कंपन्या खासगी व्यक्तीला दारू पोचवायला सहसा तयार नसतात, आयात शुल्क जबर, वर परवान्यांचा जाच. पेटी कस्टममध्ये अडकली की विक्रेता म्हणतो, आम्ही पाठवली. प्रवाशाला सोबत 2 लिटरपर्यंत करमुक्त आणता येतं, म्हणजे माणशी 750 मिलीच्या दोन बाटल्या आणि हवी तर 375 मिलीची एक अर्धी. सगळं चेक-इन बॅगेत.

फ्रान्समध्ये 14 दिवसांत माल परत करायचा हक्क आहे तो ऑनलाइन किंवा घरी येऊन केलेल्या विक्रीला. दुकानात घेतलेल्या बाटलीला तो नाही, आणि ठरावीक तारखेसाठी ऑनलाइन बुक केलेल्या टूरलाही नाही. कार्ड मशीनने रुपयांत रक्कम दाखवली तर नकार देऊन युरोच निवडा. रुपयांचा दर मशीनवाल्याच्या सोयीचा असतो. फसगत झालीच तर जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पावती आणि बंद फाटकाचा फोटो जोडून आपल्या बँकेकडे ‘सेवा मिळाली नाही’ म्हणून व्यवहाराला हरकत घ्या, आणि फ्रेंच सरकारच्या सिग्नल-काँसो या संकेतस्थळावर तक्रार टाका. फोटो तिथल्या तिथेच काढून ठेवा.