कोकणातले घर विकताना: गावचा मध्यस्थ, तालुक्याचा एजंट, मुंबईची कंपनी की आपण स्वतः?

"घर विकूचा असात तर आधी भावकीक इचारा," असे शेजारच्या काकांनी आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितले होते. मालवण तालुक्यातील आमचे वडिलोपार्जित घर आणि त्याभोवतीची बारा गुंठे जागा विकण्याचा निर्णय आम्ही भावंडांनी घेतला होता आणि एजंट कोणता गाठावा, याचीच चर्चा आमच्यात चालू होती. काकांचा सल्ला आम्ही तेव्हा मनावर घेतला नाही. पुढे जवळजवळ दोन वर्षांत गावातला मध्यस्थ, स्वतः केलेली विक्री आणि तालुक्याच्या गावातला एजंट असे तीन मार्ग आम्ही चाखले, तर चौथा, म्हणजे मुंबईच्या कंपनीचा मार्ग, देवगडकडच्या मामेभावाने पत्करला, तो जवळून पाहता आला. असाच निर्णय ज्यांच्यासमोर आहे त्यांच्यासाठी या चारही मार्गांची तुलना येथे करीत आहे.

एजंटाच्या आधीचा प्रश्न

कोकणातल्या घराची विक्री अडते ती बहुधा ग्राहकावाचून नव्हे, तर सह्यांवाचून. आमचे घर ग्रामपंचायतीच्या असेसमेंट उताऱ्यावर वडिलांच्या एकट्याच्या नावावर होते, म्हणून आम्ही ते आमचेच समजत होतो. प्रत्यक्षात घरपट्टीची पावती हा कर भरल्याचा पुरावा असतो, जमिनीच्या मालकीचा नव्हे. ज्या जागेवर घर उभे आहे तिच्या सातबाऱ्यावर अकरा नावे निघाली, त्यांतली चार माणसे हयात नव्हती आणि आत्यांच्या वारसांची नोंद कधी झालीच नव्हती. 2005 साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती होऊन वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला आणि त्यासाठी दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली स्पष्ट केले. बहिणींना न विचारता घर विकण्याची जुनी रीत त्यामुळे अन्यायाची होतीच, ती आता व्यवहार मोडणारीही ठरते. शिवाय त्याच कायद्याच्या कलम 22 नुसार, मिळकत एकत्रितपणे वारशाने आलेल्या प्रथम वर्गातील वारसांपैकी एकाने आपला हिस्सा विकायला काढला, तर तो घेण्याचा अग्रहक्क उरलेल्यांना असतो.

या कामात चार मार्गांचा उपयोग अगदी वेगवेगळा आहे. गावातल्या मध्यस्थाला कोणाची आत्या कोठे दिली आणि कोणाचा मुलगा डोंबिवलीत राहतो, हे तोंडपाठ असते. माणसे शोधून देण्यात त्याच्यासारखा कोणी नाही, मात्र वारस तपास आणि फेरफार यांचे कागद त्याच्याकडून होत नाहीत. तालुक्याच्या एजंटाचा तलाठी, भूमी अभिलेख आणि दुय्यम निबंधक या तिन्ही कार्यालयांत रोजचा राबता असतो आणि कोणता कागद कोठे अडला आहे, हे तो दोन दिवसांत सांगू शकतो. मुंबईची कंपनी कागदपत्रांची छापील यादी पाठवते आणि सर्व कागद पूर्ण झाल्यावर कळवा, असे सांगून थांबते. स्वतः विकताना हे सगळे आपणच करायचे असते. खरे सांगायचे तर एजंट कोणताही असो, भावाबहिणींशी बोलून हक्कसोडपत्राची नोंदणी करून घेणे हे घरच्यांनाच करावे लागते. एजंट तेथे येऊन बसला तर बोलणी हमखास बिघडतात.

ग्राहक कोण आणू शकतो

गावच्या मध्यस्थाचा ग्राहक बहुतेक वेळा पंचक्रोशीतलाच असतो. तो घराला ओळखतो, विहिरीला उन्हाळ्यात पाणी किती राहते हे त्याला ठाऊक असते आणि पाखाडीच्या वाटेवरून कोणाची कुरबुर आहे, हेही तो जाणतो. त्यामुळे व्यवहार लवकर होतो, पण भाव कमी मिळतो. मुंबईच्या कंपनीचा ग्राहक याच्या उलट टोकाचा असतो. संकेतस्थळावरच्या छायाचित्रांत चिऱ्याच्या भिंती, कौले आणि पडवीतला झोपाळा पाहून तो भाव चढा देण्यास तयार होतो, पण जागेचे स्वरूप समजल्यावर त्यांतले बरेच जण मागे फिरतात.

याचे मुख्य कारण कुळकायद्याचे कलम 63 आहे. घराभोवतीची जागा सातबाऱ्यावर शेतजमीन असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती शेतकरी नसलेल्या व्यक्तीला विकता येत नाही. मामेभावाच्या घरासाठी कंपनीने सहा महिन्यांत नऊ कुटुंबे आणली, पण त्यांतल्या एकाकडेच शेतकरी असल्याचा पुरावा होता. उरलेल्या आठांना ही अट आहे, हे माहीत नव्हते आणि कंपनीच्या प्रतिनिधीने ती विचारलीही नव्हती. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे, एका ग्राहकाला "दाखल्याचे आम्ही बघतो" असे आश्वासन देण्यात आले. खोट्या दाखल्यावर झालेला व्यवहार पुढे बेकायदा ठरू शकतो आणि त्याची झळ विकणाऱ्यालाही बसते, म्हणून असे वाक्य ऐकू आले की तेथेच थांबावे.

समुद्रालगतच्या घरांच्या बाबतीत हीच अडचण किनारा नियमन क्षेत्रामुळे येते. 2019 च्या अधिसूचनेनुसार विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंतचा पट्टा ना-विकास क्षेत्रात मोडतो. जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी मूळ जोत्याच्या मर्यादेत करता येते, पण त्या जागी दोन मजली होमस्टे उभा राहील, असे ग्राहकाला भासवणे म्हणजे भांडणाला आमंत्रण आहे. तालुक्याचा जाणता एजंट हे आधीच सांगतो आणि म्हणूनच त्याने आणलेले ग्राहक संख्येने कमी असले, तरी टिकाऊ असतात. आम्हाला त्याने चारच कुटुंबे आणली, त्यांतल्या तिसऱ्याशी व्यवहार झाला.

स्वतः विकताना ग्राहक येतात ते ओळखीतून, वाडीच्या मुंबईतल्या मंडळातून किंवा समाजमाध्यमांवरील जाहिरातीतून. आमच्या जाहिरातीला पहिल्या आठवड्यात साठाहून अधिक दूरध्वनी आले आणि त्यांतले निम्मे एजंटांचेच होते.

दलाली आणि "हातात किती हवे?"

या तुलनेत सर्वांत जास्त विचार करावा अशी बाब दलालीची आहे, कारण येथेच आमचे सर्वांत मोठे नुकसान झाले असते. दलालीचा सर्वसाधारण दर व्यवहाराच्या रकमेच्या एक ते दोन टक्के असतो, बहुतेक एजंट तो दोन्ही बाजूंकडून घेतात, आणि एजंट वस्तू व सेवा कराखाली नोंदणीकृत असेल तर दलालीवर 18 टक्के कर वेगळा द्यावा लागतो. मुंबईच्या कंपनीचे दर लेखी असतात, शिवाय जाहिरात आणि छायाचित्रणाचा खर्च काही वेळा आगाऊ मागितला जातो. तालुक्याचा एजंट घासाघीस करतो. गावचा मध्यस्थ मात्र टक्केवारी सांगतच नाही. तो विचारतो, "तुम्हाला हातात किती हवेत?"

हा प्रश्न ऐकायला सोपा वाटतो. आम्ही 32 लाख म्हणालो. त्याने मान डोलावली आणि महिन्याभरात कणकवलीचे एक कुटुंब घेऊन आला. घर दाखवून झाल्यावर मध्यस्थ गाडी वळवायला गेला असताना त्या गृहस्थांनी ओटीवर बसून चहा घेता घेता वहिनीला सहज विचारले, "38 लाखांत विहिरीवरचा पंपही धरलाय ना?" आमच्या किमतीवर सहा लाख चढवले गेले होते आणि ती वरची रक्कम रोखीत मध्यस्थाकडे द्यायचे ठरले होते.

यात केवळ सहा लाखांचा प्रश्न नव्हता. खरेदीखत 38 लाखांचे झाले असते, तर हातात 32 लाख मिळूनही भांडवली नफ्यावरचा कर आम्हाला 38 लाखांच्या हिशेबाने लागला असता. ते 32 लाखांचे झाले असते, तर वरची रक्कम बेहिशेबी राहून पुढे चौकशी झाल्यास आम्हीही संशयात सापडलो असतो. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे आणि स्वीकारलेल्या रकमेइतका दंड होऊ शकतो. याउलट, रीतसर पावती घेऊन दिलेली दलाली भांडवली नफा मोजताना विक्रीखर्च म्हणून वजा करता येते. म्हणून "हातात किती" या प्रश्नाचे उत्तर देऊच नये. आपली अपेक्षित किंमत सांगावी, दलाली खरेदीखतातील रकमेवर टक्केवारीने ठरवावी आणि ती बँकेतून द्यावी. गावच्या मध्यस्थाला हे मान्य नसेल, तर त्याचा मार्ग कितीही जवळचा असला तरी सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या मध्यस्थाशी आमचे संबंध पुढे दुरावले, याचे वाईट वाटते, कारण वडिलांच्या आजारपणात रात्री गाडी काढणारा माणूस तोच होता.

किमतीचा अंदाज स्वतः घेणे अवघड नाही. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सरकारी मूल्य ज्यांवरून ठरते ते वार्षिक मूल्यदर तक्ते पाहता येतात आणि गावात अलीकडे झालेल्या खरेदीखतांची सूची क्रमांक 2, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, शोधता येते. एजंटाला भेटण्यापूर्वी एवढे केले, तर तीनही प्रकारच्या एजंटांशी बोलताना आपली बाजू भक्कम राहते. सरकारी मूल्य विक्रीच्या रकमेच्या 110 टक्क्यांहून अधिक असेल, तर आयकराच्या दृष्टीने सरकारी मूल्यच विक्रीमूल्य धरले जाते, त्यामुळे हा आकडा त्या कारणासाठीही माहीत असावा.

लेखी काय करावे

अनेक एजंट आपला महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक दाखवतात. 2016 च्या स्थावर संपदा कायद्याखाली ही नोंदणी विकासकांच्या नोंदणीकृत प्रकल्पांतील विक्रीसाठी सक्तीची आहे. एजंटाकडे ती असणे चांगलेच, कारण 2023 पासून त्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षा आवश्यक झाली आहे. परंतु आपले जुने कौलारू घर हा असा प्रकल्प नव्हे, तेव्हा एजंटाशी वाद झाल्यास आधार घ्यावा लागतो तो त्याच्याशी केलेल्या कराराचाच.

हा करार एका पानाचाही चालतो. दलालीची टक्केवारी, ती केव्हा देय होते आणि कराराची मुदत एवढे त्यात असले पाहिजे. मुंबईच्या कंपन्या सहा महिने किंवा वर्षभर एकहाती हक्क मागतात. मामेभावाने तो दिला आणि वर्षभर शेजाऱ्याला घर विकायचीही सोय राहिली नाही. उलट गावाकडे एकाच वेळी पाच जणांना तोंडी सांगितले जाते, मग व्हॉट्सअॅपच्या गटांत एकच घर तीन वेगवेगळ्या किमतींना फिरते आणि ग्राहकाचा विश्वास उडतो. तालुक्याच्या एका एजंटाला तीन महिन्यांची मुदत देणे आणि स्वतःच्या ओळखीतल्या ग्राहकाला विकण्याचा हक्क राखणे, हा आम्हाला पटलेला मधला मार्ग होता.

भावंडे दूर राहत असल्यास कुलमुखत्यारपत्राची गरज पडते आणि काही एजंट ते आपल्या नावावर करून मागतात. ते कधीही देऊ नये. कुलमुखत्यारपत्र नोंदणीकृत असावे आणि ते कुटुंबातल्याच विश्वासू माणसाच्या नावे असावे. इसाराची रक्कम एजंटाच्या खात्यावर न घेता थेट विकणाऱ्यांच्या खात्यावर घ्यावी. सह्या करणारे सात जण असतील, तर कोणाला किती हे साठेखतातच, म्हणजे खरेदीखताआधीच्या विक्री करारातच, लिहावे. किंमत 50 लाख किंवा त्याहून अधिक असल्यास ग्राहक 1 टक्का कर कापून सरकारजमा करतो, याचीही नोंद तेथेच व्हावी.

घर दाखवणे

बंद घर दाखवण्याच्या कामात एजंटाची खरी पारख होते. मुंबईच्या कंपनीचा माणूस दर वेळी नवा असे आणि मामेभावाला रजा टाकून गावी जावे लागे. आमच्या तालुक्याच्या एजंटाने मात्र शेजारच्या काकांकडे किल्ली ठेवली, ग्राहक येण्याच्या आदल्या दिवशी माणूस पाठवून खळ्यातले शेवाळ घासून घेतले, माजघराच्या खिडक्या उघडून ठेवल्या आणि पडवीत जेथे कौल सरकून पाणी गळत होते ती जागा ग्राहकाला स्वतःहून दाखवली. मागीलदारच्या गडग्यापलीकडे आपली हद्द नाही, हेही त्याने मोजणीचा नकाशा हातात धरून सांगितले. तो नकाशा आम्ही भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करून आधीच घेतला होता आणि त्या एका कागदाने जितका विश्वास मिळवून दिला, तितका कोणत्याही जाहिरातीने दिला नसता.

स्वतः विकण्याच्या काळात हे सगळे आम्ही ठाण्याहून करीत होतो. चार महिन्यांत सात फेऱ्या झाल्या आणि त्यांतल्या दोन वेळा ग्राहक आलाच नाही. ज्यांचे कोणी गावात कायम राहते, कागद पूर्ण आहेत आणि ग्राहक वाडीतलाच आहे, त्यांना एजंटाची गरज नाही, एक चांगला वकील पुरेसा आहे. आमच्यासारख्या चाकरमान्यांना, ज्यांचे घर वर्षातून गणपती आणि होळीलाच उघडते, तालुक्याचा एजंट लेखी कराराने नेमणे मला सर्वांत योग्य वाटते. मुंबईच्या कंपनीचा विचार जागा बिगरशेती असेल आणि सातबारा किंवा मालमत्ता पत्रक एकाच नावावर असेल, तरच करावा.

दलाली आम्ही दोन टप्प्यांत देण्याचे ठरवले होते, निम्मी साठेखतावेळी आणि निम्मी खरेदीखतानंतर. दुय्यम निबंधक कार्यालयात सहा जणांचे फोटो आणि अंगठे झाले, धाकट्या आत्याचा ठसा यंत्र घेईना म्हणून तिचा हात ओल्या रुमालाने दोनदा पुसावा लागला, आणि ती नोंद पूर्ण झाल्यावरच आम्ही बाहेरच्या बाकावर बसून उरलेल्या दलालीचा धनादेश लिहिला.