१९८२ची २४० डी आणि २०२१ची सेदान: दोन्ही चौदा महिने वापरल्यावर

जूनमध्ये निपाणीत गाडी उभी केली, किल्ली काढली, तरी इंजिन चालूच! माझी मर्सिडीज २४० डी ही डब्ल्यू१२३ मालिकेतली. तिचं डिझेल इंजिन व्हॅक्यूमवर बंद होतं आणि दारांची कुलपंही त्याच व्हॅक्यूमवर चालतात. आधीच्या मालकाने एका दारात साधी रबरी नळी बसवली होती, ती फुटली होती, त्यामुळे इंजिन बंद करायला व्हॅक्यूमच उरत नव्हता. बॉनेट उघडून इंजिनावरचा ‘स्टॉप’ लिहिलेला खटका दाबला, तेव्हा गाडी शांत झाली. बेळगावात मिस्त्री म्हणाला, “काका, इंजिनाला काय झालं न्हाई, हवा पळाय लागलीया.” अर्ध्या दिवसात काम झालं.

घरात दुसरी गाडी २०२१ची जर्मन डिझेल सेदान, बीएस-६. दोन्ही एकाच शेडमध्ये असतात, म्हणून तुलना रोजच होते.

चालवायला नवीच चांगली, यात वाद नाही. रात्री पावसात तवंदी घाट उतरताना एअरबॅग, एबीएस असलेली गाडीच हवी. माझ्या २४० डीत दोन्ही नाहीत. तिची ताकद ७२ अश्वशक्ती. चोर्ला घाटात दुसऱ्या गिअरवर चढते आणि मागे रांग लागते. ॲव्हरेज मला दहा-अकराच्या आसपास मिळतं, नवीला पंधरा.

पण संग्रहासाठी घ्यायची असेल तर माझं मत ठाम आहे: जुनी घ्या. तिच्या गिअर लिंकेजचे, म्हणजे गिअरच्या दांड्या जोडणाऱ्या सांध्यांचे, बुश झिजले, तर बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका लेथवाल्याकडून नायलॉनचे बुश कातून घेतले. जुना बुश हातात दिला, त्याने माप घेतलं, संध्याकाळी गिअर लोण्यासारखे पडायला लागले. ज्या गावात फाउंड्री आणि लेथ आहेत, तिथे ही गाडी अजून चाळीस वर्षं जगेल असं मला मनापासून वाटतं.

नवी गेल्या पावसाळ्यात दीड महिना उभी राहिली आणि बॅटरी बसली. बॅटरी बदलली तरी डॅशबोर्डवरची वॉर्निंग जाईना. लॅपटॉप लावून कोडिंग करावं लागेल म्हणाले. गाडी फ्लॅटबेडवर घालून बाहेरगावी पाठवली. त्यात डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, आहेच: गावातल्या गावात टिळकवाडी ते कॅम्प एवढंच फिरवलं तर काजळी साचते, ती जाळायला हायवेवर एकसारख्या वेगाने पळवावी लागते. मी आता रविवारी संकेश्वरपर्यंत जाऊन येतो. तिचे इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल २०६० साली कोण बनवून देणार?

कागदपत्रांचं एक सांगतो, कारण विकणारे ऐंशीच्या दशकातल्या गाडीलाही सर्रास ‘विंटेज’ म्हणतात. २०२१च्या केंद्राच्या नियमांनुसार गाडी पन्नास वर्षांहून जुनी हवी. नोंदणी दहा वर्षांची, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं, आणि रोजच्या वापराला परवानगी नाही. प्रदर्शन, रॅली वगैरेंसाठीच रस्त्यावर आणता येते. माझी अजून साध्या केए-२२ नंबरावर आहे आणि दर पाच वर्षांनी आरसीचं नूतनीकरण करावं लागतं. मला तेच सोयीचं आहे, कारण मला ती चालवायची आहे.

कुणी डब्ल्यू१२३ बघायला निघाला असेल, तर इंजिन ऐकायची घाई करू नका. इंजिन बांधता येतं, पत्रा बांधायला घर विकावं लागतं. आपल्याकडचा पाऊस बघता आधी बॅटरीच्या ट्रेखाली हात घाला, जॅक लावायच्या जागा टोचून बघा, पुढच्या काचेच्या रबराखाली गंज आहे का ते तपासा. तिथे बोट आत गेलं तर मालकाला नमस्कार करून घरी या.