मोत्यांची थाळी की लाल दवा?

घन, द्रव, वायूतले कण कसे हलतात हे मुलांना घरी दाखवायचं, तर दोन गोष्टी सहज हाताशी असतात: काठाच्या थाळीत घेतलेले मोती, नाहीतर पाण्याच्या ग्लासात लाल दवा, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट. इंदुरात रामबागेतल्या घरी शिकवण्या घेताना मी दोन्ही वापरून पाहिलं आहे. बरीच वर्षं माझा भर थाळीवर होता.

थाळीचं कौतुक आधी सांगतो. राजवाड्याजवळून आणलेले पावकिलो मोती थाळीत गच्च भरून हळू हलवले की प्रत्येक मोती जागच्या जागी थरथरतो, शेजार सोडत नाही. हे घन. मूठभर मोती काढून घ्या, थाळी कलती करा, की उरलेले एकमेकांना लागूनच पण एकमेकांवरून घरंगळतात. हे द्रव. मूठभरच काढा, जास्त नको. पुस्तकांतल्या चित्रांत द्रवाचे कण उगाच लांब लांब काढलेले असतात, प्रत्यक्षात ते जवळजवळ घनाइतक्याच दाटीत असतात. मग दहा-बाराच मोती ठेवून जोरात हलवा, की झाला वायू. पाच मिनिटांत तिन्ही अवस्था डोळ्यांसमोर येतात.

पण हात थांबला की मोती थांबतात.

मला ही गोष्ट फार उशिरा खटकली. सातवीतल्या एका मुलीने थाळीकडे बघत विचारलं, “काका, मग पाण्यातल्या कणांना रात्री कोण हलवतं?” मी समजावलं, की मोत्यांच्या टकरीत ऊर्जा आवाजात, घर्षणात निघून जाते; रेणूंच्या टकरीत ती एकाकडून दुसऱ्याकडे जाते, पण एकूण घटत नाही. तिने मान डोलावली. तरी डोळ्यांनी पाहिलेलं तिच्या मनातून जाईना, आणि त्यात तिची चूक नव्हती. या विषयाचा जो गाभा, कण आपणहून हलत राहतात, नेमकं त्याच्या उलट माझी थाळी दाखवत होती.

त्याच संध्याकाळी ग्लासभर पाणी अर्धा तास निवांत ठेवलं आणि लाल दव्याचा एकच दाणा सोडला. जांभळी रेघ सरळ खाली गेली, तळाशी पातळ थर साचला. ग्लास कोनाड्यात ठेवला, कुणी हात लावला नाही. सकाळी थराची कड विरली होती आणि रंग दोन बोटं वर चढला होता. ती मुलगी शाळेच्या गणवेशातच येऊन, वाकून बराच वेळ बघत राहिली. मला काहीच समजवावं लागलं नाही.

१८२७ मध्ये रॉबर्ट ब्राउनने सूक्ष्मदर्शकाखाली हेच न थांबणं पाहिलं होतं: परागांतले बारीक कण पाण्यात सतत वळवळत होते. हे जिवंतपणामुळे असेल म्हणून त्याने निर्जीव पदार्थांची पूड टाकून पाहिली, तीही वळवळली. पाण्याचे रेणूच त्यांना धक्के देतात, याचं गणित आइनस्टाइनने १९०५ मध्ये मांडलं.

लाल दव्याच्याही अडचणी आहेत. घन तिच्याने दाखवता येत नाही, तिथे मोतीच लागतात. शिवाय निव्वळ कणांच्या हालचालीने रंग सेंटीमीटरभर सरकायला कित्येक तास जातात. लवकर पसरला तर त्यात पाण्यातल्या प्रवाहांचा हात असतो. गरम आणि थंड पाण्याचे ग्लास शेजारी ठेवले तर फरक झटकन दिसतो खरा, पण म्हणूनच त्यावरून मोजमाप करू नये.

वायूसाठी पंखा बंद करून उदबत्ती लावा, एवढं पुरे. हवेचे रेणू सेकंदाला सुमारे ५०० मीटर वेगाने धावतात, तरी देवघरातला वास ओसरीवर यायला वेळ लागतो, कारण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतकंही अंतर न कापता प्रत्येकाची कुणाशी तरी टक्कर होते.

मूल अगदी लहान असेल किंवा हाताशी दहाच मिनिटं असतील तर थाळी बरी, असं मला वाटतं. पण एक रात्र थांबता येत असेल तर सुरुवात ग्लासाने करा, मोती दुसऱ्या दिवशी काढा. दाणा चिमट्याने टाका, बोटाला लागला तर तपकिरी डाग दोन-तीन दिवस जात नाही. आणि एकच टाका. चिमूटभर टाकलात तर सकाळी सगळा ग्लास काळपट जांभळा झालेला असेल आणि रंग कुठवर चढला ते कळणार नाही.